मेबल नॉर्मंड: एका सोयीस्कर शोकांतिकेचं खंडन

मेबल नॉर्मंडची गोष्ट बहुतेक वेळा मागच्या टोकाकडून सांगितली जाते. आधी खून, मग गोळीबार, मग कोकेन, मग क्षय. हे सगळं चवीने सांगून झालं की जाता जाता एक वाक्य: ही बाई चार्ली चॅप्लिनच्या सुरुवातीच्या चित्रपटांत त्याची नायिका होती. २३ फेब्रुवारी १९३० रोजी कॅलिफोर्नियातल्या मन्‍रोव्हिया गावच्या पॉटेंजर सॅनेटोरियममध्ये ती वारली. तेव्हा तिने पस्तिशी ओलांडून एखाद-दोन वर्षंच झाली होती. जन्मसाल १८९२ की १८९३, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही आणि लॉस एंजेलिसच्या कॅल्व्हरी दफनभूमीतल्या तिच्या शिळेवर तर १८९५ कोरलेलं आहे.

वादाचा आपल्याकडचा जुना दंडक असा, की प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मांडता येईल त्याहून नेटकं मांडावं आणि मगच त्याला हात घालावा. म्हणून आधी पूर्वपक्ष. तो म्हणतो: मेबल देखणी होती, अवखळ होती, कॅमेऱ्याची लाडकी होती, पण तिचं महत्त्व चॅप्लिन आणि विनोदी नट ‘फॅटी’ आर्बकल यांच्या शेजारी उभी राहिली एवढंच. कीस्टोन या चित्रपट-कंपनीच्या मालकाची, मॅक सेनेटची, प्रेयसी म्हणून तिला दिग्दर्शन मिळालं आणि चॅप्लिनसारख्या माणसाला चार गोष्टी सांगायला गेली तेव्हा तिचं हसं झालं. पुढे पैसा, पार्ट्या, अमली पदार्थ. १९२२ साली दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला, त्यात तिचं नाव आलं. १९२४ साली तिच्या ड्रायव्हरने एका धनिकावर गोळी झाडली. प्रेक्षक विटले, काम आटलं, देह झिजला. लोक तिला विसरले ते ओघानेच.

हे म्हणणं बाजारगप्पांपुरतं राहिलेलं नाही. १९७४ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘मॅक अँड मेबल’ या संगीतिकेने ते गाण्यांत बांधलं. रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या १९९२च्या ‘चॅप्लिन’मध्ये मरिसा टोमेईची मेबल दिसते ती चॅप्लिनच्या वाटेतला अडसर म्हणून. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधल्या नॉर्मा डेस्मंडचं नाव नॉर्मंड आणि डेस्मंड टेलर या दोघांवरून बेतलं, असंही सर्रास सांगितलं जातं. केनेथ अँगरच्या ‘हॉलिवुड बॅबिलॉन’ने (पहिली आवृत्ती पॅरिस, १९५९) त्या काळातल्या जवळपास प्रत्येकाच्या अंगावर चिखल उडवला आणि त्यातला बराचसा अजून वाळलेला नाही.

या पूर्वपक्षाचा कणा दिग्दर्शनाच्या मुद्द्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्याचा साक्षीदार एकच आणि तो साधासुधा नाही: खुद्द चॅप्लिन. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ‘मेबल अ‍ॅट द व्हील’च्या चित्रीकरणाचा प्रसंग सांगितला आहे. रस्त्यावर पाणी मारण्याच्या नळीवर पाय ठेवून आपण एक गंमत करू, असं त्याने सुचवलं. वेळ नाही म्हणून मेबलने ते नाकारलं. हा रस्त्याच्या कडेला बसून राहिला, काम थांबलं, चित्रीकरणाच्या मंडळींना त्याला बदडावंसं वाटलं. तिच्या दिग्दर्शनाच्या वकुबाबद्दल आपल्याला शंका होती, असं तो स्पष्टच लिहितो.

साक्ष खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. प्रसंग घडला असणार आणि दोघंही तावातावाने बोलली असणार. पण त्यातून निघतं काय? त्याच आत्मचरित्रातली मागची पानं उलटली की दिसतं, मेबलच्या आधी चॅप्लिनचं दिग्दर्शक हेन्री लेरमनशी बिनसलं होतं. आपल्या चांगल्या जागा लेरमनने संकलनात मुद्दाम कापल्या, ही त्याची तक्रार जन्मभर राहिली. लेरमननंतर आला जॉर्ज निकोल्स, त्याच्याशीही जमलं नाही. म्हणजे कीस्टोनमध्ये ज्याच्या ज्याच्या हाताखाली काम केलं त्या प्रत्येकाशी त्याचा खटका उडाला. लेरमन आणि निकोल्स यांच्या बाबतीत आपण याचा अर्थ असा लावतो, की उपजत प्रतिभेच्या माणसाला दुसऱ्याचा लगाम सोसत नव्हता. मेबलच्या बाबतीत मात्र तोच पुरावा तिच्या नालायकीचा ठरतो. एका पुराव्याला दोन तराजू लावायची ही पद्धत कुठल्याही न्यायशास्त्रात बसत नाही.

शिवाय काळवेळ बघा. १९१४च्या त्या दिवसांत चॅप्लिन चोवीस वर्षांचा होता आणि चित्रपटाच्या धंद्यात त्याला जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. मेबल त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण पडद्यावरचा तिचा अनुभव चार वर्षांचा. बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक ग्रिफिथच्या हाताखाली तिने काम केलं होतं. व्हायटाग्राफमध्ये जॉन बनीबरोबर विनोदी चित्रपट केले होते. १९१२ साली मॅक सेनेटबरोबर ती कीस्टोनमध्ये गेली आणि त्या सप्टेंबरात कंपनीचे पहिले चित्रपट बाहेर पडले तेव्हा त्यांतल्या ‘द वॉटर निम्फ’ची नायिका तीच होती. कीस्टोनची ती स्थापनेपासूनची नटी, आणि ‘मेबल्स लव्हर्स’, ‘मेबल्स ऑफुल मिस्टेक्स’, ‘मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर’ अशी चित्रपटांची नावंच तिच्या नावाने ठेवली जात. चॅप्लिन लंडनच्या फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीतून आला, तो मेबलचं नाव आधीच तिकीट खपवत असलेल्या कंपनीत. तेव्हा ‘एक पोरगी चॅप्लिनला शिकवायला गेली’ हे वर्णन उलटं केलं तरच वस्तुस्थितीच्या जवळ येतं.

‘मालकाच्या मेहेरबानीने’ हेही तपासून पाहू. सेनेट आणि मेबल यांचं प्रेमप्रकरण होतं, हे कुणी नाकारत नाही. पण चित्रपट-व्यवसायाचं त्या काळचं प्रमुख साप्ताहिक ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ याने डिसेंबर १९१३मध्ये बातमी दिली, की यापुढे मेबल नॉर्मंड ज्या चित्रपटात काम करेल त्याचं दिग्दर्शनही तीच करेल. आठवड्याला दोन-तीन लघुपट बाहेर काढणारी, न्यूयॉर्कच्या भांडवलदारांना हिशेब देणारी कंपनी रीळ वाया घालवायला कुणाला दिग्दर्शक करत नाही. प्रेमाखातर फार तर एखादा चित्रपट हातात पडतो. मेबलने १९१४ सालात एकामागून एक केले.

आता ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’. चॅप्लिनचा भटक्या जगाला पहिल्यांदा दिसला तो ‘किड ऑटो रेसेस अ‍ॅट व्हेनिस’मध्ये, ७ फेब्रुवारी १९१४ रोजी. पण ती टोपी, ती छडी, तो ढगळ पायजमा हे सोंग आधी रंगलं ते दोन दिवसांनी प्रदर्शित झालेल्या ‘प्रेडिकमेंट’साठी, कारण त्याचं चित्रीकरण आधी सुरू झालं होतं. हॉटेलात उतरलेली मेबल रात्रीच्या कपड्यांत आपल्याच खोलीबाहेर अडकते आणि लपत लपत समोरच्या बिऱ्हाडाच्या पलंगाखाली जाते, एवढंच कथानक. पण सुरुवातीला हॉटेलच्या दिवाणखान्यात एक झिंगलेला भटक्या कुत्र्याच्या साखळीत गुरफटतो, पिकदाणीत हात घालून बसतो, आणि कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. चॅप्लिन सांगतो, विनोदी दृश्यं तेव्हा दहा फुटांच्या पुढे क्वचित जात, हे मात्र पंच्याहत्तर फुटांचं झालं. ते पूर्ण ठेवायचं की नाही यावर सेनेट आणि लेरमन यांच्यात चर्चा झाली. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. सेकंदाला सोळा चौकटी या तेव्हाच्या साधारण गतीने पंच्याहत्तर फूट म्हणजे सव्वा मिनिट. कीस्टोनच्या धावपळीत सव्वा मिनिट म्हणजे चैनच.

ही चैन कुणी करू दिली? कीस्टोनच्या लघुपटांवर दिग्दर्शकाचं नाव सहसा नसे, त्यामुळे जुन्या याद्यांत या चित्रपटाचं श्रेय कधी सेनेटला, कधी लेरमनला दिलेलं आढळतं. आजचे अभ्यासक बहुतांशी ते मेबलला देतात, आणि डिसेंबरातली ती बातमी त्याला पुष्टी देते. मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो चित्रपटाचा तोल. शीर्षक मेबलचं, संकट मेबलचं, आणि तरी पहिला हशा नव्या नटाच्या पदरात पडू दिलेला आहे. ज्या नटीला आपल्या जागेची धास्ती असते ती असं करत नाही. चॅप्लिनच्या आठवणीत मात्र दिग्दर्शक म्हणून मेबलचं नाव इथे येत नाही. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीत भांडण राहिलं, सवलत गळाली.

भांडणाचा पुढचा भागही पूर्वपक्ष सांगत नाही. वादग्रस्त ‘मेबल अ‍ॅट द व्हील’ पडद्यावर आला १८ एप्रिलला आणि त्यानंतर नऊच दिवसांनी आला ‘कॉट इन अ कॅबरे’: दिग्दर्शन मेबलचं, मुख्य भूमिका चॅप्लिनची. हलक्या दर्जाच्या खाणावळीतला वेटर आपण परदेशी वकिलातीतले बडे असामी आहोत अशी बतावणी करून श्रीमंतांच्या मेजवानीत घुसतो. वरच्या थरात चोरून शिरलेला खालच्या थरातला माणूस हा चॅप्लिनच्या पुढच्या कामगिरीतला एक पक्का धागा, आणि तो इथे स्पष्ट दिसतो. वर्षभरात दोघांनी मिळून डझनभर चित्रपट केले. पटत नसलेल्या माणसांची ही आकडेवारी नव्हे.

‘मेबल अ‍ॅट द व्हील’ स्वतः कसा आहे? उत्तम नाही. चॅप्लिनला त्यात फोर्ड स्टर्लिंग या नटाच्या जुन्या खलनायकाचा कोट आणि दाढी चढवली आहे, ते त्याला शोभत नाही, आणि त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे. पण सांता मोनिकाच्या खऱ्या मोटारशर्यतीच्या गर्दीत कॅमेरा नेऊन, खऱ्या धुळीत कथा गुंफणं हे काम त्यात साधलं आहे. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून मेबल चिखलात पडते आणि मागे कुणी नाही हे कळायला स्वाराला वेळ लागतो, ही जागा आजही हसवते.

पण समजा, हे सारं मान्य केलं तरी पूर्वपक्षाची एक ढाल शिल्लक राहते: मग आपल्याला ती सतत चॅप्लिनच्या किंवा आर्बकलच्या शेजारीच का दिसते? माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरात सगळा वाद आहे. ती त्यांच्या शेजारी दिसते, कारण त्यांच्या शेजारचीच फिल्म उरली.

मूकपटांची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, आणि पेटली नाही तर विरघळत, चिकटत, शेवटी भुगा होत जाते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्सने २०१३ साली केलेल्या पाहणीत आढळलं, की १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे १०,९०० दीर्घ मूकपट निघाले आणि त्यांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकले ते फक्त १४ टक्के. सुमारे ७० टक्के पूर्ण नाहीसे. एक-दोन रिळांचे लघुपट तर या मोजणीत धरलेलेच नाहीत. आपण यावर दुरून हळहळण्याचं कारण नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि बोटांवर मोजण्याइतके उरले. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली तेव्हा आणखी नायट्रेट फिल्म जळाली.

या लुटीतून काय वाचतं? ज्याच्या जास्त प्रती निघाल्या ते. आणि १९१५नंतर चॅप्लिन जगभर गाजला तेव्हा कीस्टोनचे त्याचे जुने लघुपट पुन्हा पुन्हा छापले गेले, नावं बदलून विकले गेले, गावोगावच्या तंबूंत फिरले. म्हणून ते वाचले. २०१०च्या सुमारास युरोपातल्या संग्रहालयांनी जगभरच्या फाटक्या प्रती जुळवून कीस्टोनमधला चॅप्लिन पुन्हा उभा केला. मेबलचे उपलब्ध चित्रपट पाहायला सर्वांत सोपी जागा आजही तीच, चॅप्लिनच्या संचात. तिच्या दीडशेहून अधिक लघुपटांपैकी आणि वीसेक दीर्घपटांपैकी आपल्या डोळ्यांसमोर येतो तो भाग चॅप्लिनच्या चाळणीतून गळालेला आहे. जाळ्याच्या भोकापेक्षा लहान मासे समुद्रात नसतातच, असं एखाद्या कोळ्याने म्हणावं, तसा हा निष्कर्ष आहे. ती त्याची जोडीदारीण होती असं नमुना सांगतो, कारण नमुना त्याच्या नावाने गोळा केलेला आहे.

चाळणीबाहेरचं काही हाती लागतं तेव्हा काय दिसतं? २०१० साली न्यूझीलंडच्या संग्रहातून जुने अमेरिकी चित्रपट मायदेशी परत आणले गेले. त्यांत ‘वन इन अ क्लॉझेट’ हा १९१४चा लघुपट होता: दिग्दर्शन मेबलचं, भूमिका मेबलची, आणि चॅप्लिन कुठेच नाही. प्रेमिकांचे वडीलधारेच एकमेकांच्या भानगडीत कपाटात अडकतात असा तो उघडानागडा फार्स. उत्कृष्ट कलाकृती म्हणून मी त्याची भलामण करणार नाही. पण पडद्याची चौकट विभागून एकाच वेळी दोन बाजूंच्या हालचाली दाखवण्याची हौस त्यात आहे, आणि ही हौस करणाऱ्या व्यक्तीला कॅमेरा म्हणजे नुसता आरसा वाटत नव्हता, हे नक्की. गोल्डविनच्या कंपनीकडे १९१८पासून केलेल्या सोळाएक चित्रपटांपैकी बहुतेक गेले. ‘द फ्लोअर बिलो’ नेदरलँड्समध्ये सापडला, बाकीच्यांची उणीव आहे तशीच.

आता बदनामी. इथे पूर्वपक्षात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकतो. १ फेब्रुवारी १९२२च्या संध्याकाळी मेबल टेलरच्या घरी गेली होती. दोघांची मैत्री पुस्तकांवरची. टेलर तिला वाचायला पुस्तकं देई, त्या दिवशीही एक घेऊन ती निघाली आणि टेलर तिला मोटारीपर्यंत पोचवायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं प्रेत सापडलं. त्याला जिवंत पाहिलेल्यांत खुनी सोडला तर शेवटची तीच. पोलिसांनी तिची चौकशी केली, तिच्यावर आरोप ठेवला नाही. खून आजही उलगडलेला नाही. दुर्दैव असं की सप्टेंबर १९२१मध्ये एका नटीच्या मृत्यूवरून आर्बकलवर खटला उभा राहिला होता आणि एप्रिल १९२२मध्ये तिसऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत, वर्तमानपत्रं हॉलिवुडच्या नावाने आग पाखडत असताना, नेमका हा खून पडला. आर्बकलची जुनी जोडीदारीण, टेलरची शेवटची पाहुणी. बातमीदारांना याहून काय हवं?

पण या खुनाने तिची कारकीर्द संपली, हे धडधडीत चूक आहे. खुनानंतर ‘सुझॅना’ आला. ऑक्टोबर १९२३मध्ये ‘द एक्स्ट्रा गर्ल’ आला, म्हणजे खुनाला वीस महिने उलटल्यावर, आणि लोकांनी तो पाहिला. खरा फटका बसला तो १ जानेवारी १९२४ला. कोर्टलंड डाइन्स या तेलधंद्यातल्या माणसाच्या घरी मेबल आणि चॅप्लिनची नायिका एड्ना पर्व्हायन्स होत्या. मेबलला न्यायला आलेल्या तिच्या ड्रायव्हरने डाइन्सवर गोळी झाडली आणि पिस्तूल मेबलचं होतं. डाइन्स वाचला. काही शहरांत आणि राज्यांत तिच्या चित्रपटांवर बंदीची भाषा सुरू झाली, कुठे बंदी आलीही. हे नुकसान खरं आहे, मोठं आहे. ते मी कमी करून सांगत नाही. मात्र त्यात तिचं कर्तृत्व काय, हा प्रश्न पूर्वपक्ष टाळतो. एका गुन्ह्यात ती साक्षीदार, दुसऱ्यात ज्याने गोळी झाडली त्याची मालकीण. तिला गुन्हेगार ठरवणारा एकही निकाल नाही, आणि तरी शंभर वर्षं तिची ओळख या दोन तारखांनी करून दिली जाते.

कोकेनबद्दल थोडक्यात. त्या काळच्या हॉलिवुडमध्ये अमली पदार्थ होते. वॉलेस रीड हा लोकप्रिय नट जानेवारी १९२३मध्ये मॉर्फीनच्या व्यसनापायी गेला. मेबलच्या बाबतीत मात्र बहुतेक मजकूर ऐकीव आहे, तोही दशकांनंतर लिहिलेला, एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरलेला. रॉबर्ट जिरू याने १९९०च्या ‘अ डीड ऑफ डेथ’मध्ये, टेलर तिला विक्रेत्यांपासून सोडवत होता म्हणून मारला गेला, असा तर्क मांडला. तर्क म्हणून तो वाचनीय आहे. पण तर्काच्या पोटातलं गृहीतक पुढच्या लेखकांनी सिद्ध वस्तू म्हणून उचललं, हा त्यातला दोष.

आणि मृत्यू? तो क्षयाने झाला. या एका शब्दापुढे बाकीचं सगळं नीतिशास्त्र आवरतं घ्यायला हवं. कोखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवला होता, पण त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आलं १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत श्रीमंतांना सॅनेटोरियम, गरिबांना गल्ली, आणि दोघांनाही बहुधा तेच फळ. मेबलच्या प्रकृतीच्या तक्रारी बदनामीच्या कितीतरी आधीच्या आहेत. स्वतःच्या नावाच्या कंपनीत १९१६-१७ साली ‘मिकी’ करताना तिच्या आजारपणामुळे काम रखडलं होतं. ‘मिकी’ १९१८ साली पडद्यावर आला आणि तुफान चालला. फुप्फुसं टेलरच्या खुनाची वाट बघत नव्हती. ‘अपकीर्तीने खंगली’ हे वाक्य कादंबरीत शोभतं. आपल्याकडेही क्षयाच्या रोग्याच्या चालचलणुकीत कारण शोधण्याची खोड होती, त्यामुळे ही युक्ती ओळखायला आपल्याला जड जाऊ नये.

इतकं बोलल्यावर तिच्या भक्तांचाही समाचार घ्यायला हवा, कारण खंडनाच्या भरात त्यांनी नवे घोटाळे करून ठेवले आहेत. पडद्यावर तोंडावर केक-पाय फेकण्याची प्रथा मेबलने १९१३ साली आर्बकलवर सुरू केली, असं ते सांगतात. बेन टर्पिनच्या तोंडावर तो १९०९च्या ‘मिस्टर फ्लिप’मध्येच बसला होता. ती पहिली स्त्री-दिग्दर्शक, हेही ऐकू येतं. फ्रान्समध्ये अ‍ॅलिस गी १८९६पासून चित्रपट करत होती आणि अमेरिकेत लोइस वेबर मेबलच्या आधीपासून, तिच्याहून जास्त गंभीरपणे. चॅप्लिनला विनोद मेबलने शिकवला, हे तर अगदीच वाह्यात. कार्नोच्या मंडळीत मुरलेला माणूस विनोद शिकायला कॅलिफोर्नियाला गेला नव्हता. तिने त्याला दिलं ते वेगळं आणि मोजता येण्यासारखं आहे: कॅमेऱ्यासमोर जागा, काही फूट फिल्म, आणि आपल्या नावाच्या चित्रपटात पहिला हशा. याहून जास्त दान तिच्या पदरात घालायची गरज नाही.

मग ती विसरली का गेली? साक्ष द्यायला ती उरली नाही, हे माझं उत्तर. सेनेटचं ‘किंग ऑफ कॉमेडी’ १९५४ सालचं. त्यात ती त्याच्या आयुष्यातली हुकलेली प्रेयसी आहे. चॅप्लिनचं आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. तिच्या अंत्ययात्रेत मान्यवर म्हणून चालले त्यांत ग्रिफिथ, फेअरबँक्स, गोल्डविन, चॅप्लिन होते. त्यांतल्या हयात माणसांना पुढे दशकानुदशकं मुलाखती द्यायला मिळाल्या. आपल्या कमलाबाई गोखल्यांची आठवण इथे येते. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या लहान वयात आईबरोबर, दुर्गाबाई कामतांबरोबर, पडद्यावर आल्या. चित्रपट नाहीसा झाल्यासारखाच, पण कमलाबाईंनी नव्वदी पार केली, आणि रीना मोहनने त्यांच्यावर केलेल्या माहितीपटात म्हातारपणी त्या स्वतःच्या ठसक्यात स्वतःची हकिगत सांगतात. कमलाबाई काय करत होत्या ते आज आपण कमलाबाईंच्या तोंडून ऐकतो. मेबल काय करत होती ते आपण तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आणि तिच्याशी भांडलेल्यांच्या तोंडून ऐकतो. दोघांचंही ऐकावं, पण त्याला तिचा जबाब समजू नये.

तिचा जबाब थोडासा पडद्यावर शिल्लक आहे आणि त्यासाठी मी ‘द एक्स्ट्रा गर्ल’ पुढे करीन. दिग्दर्शन एफ. रिचर्ड जोन्सचं. इलिनॉयमधली सू ग्रॅहम दुसरीच्या फोटोवर स्पर्धा जिंकून हॉलिवुडला येते, आणि खोटं उघडं पडल्यावर कपडेपटात कामाला लागते. स्टुडिओतल्या कुत्र्याला सिंहाचं सोंग चढवलेलं असतं, आणि चुकून खरा सिंह दोरीला बांधून ती इमारतीतून फिरवत जाते. लोक पळतात, ती त्यांच्यावर वैतागते, सिंहाला दटावते. कीस्टोनच्या काळातली धडपड, आदळआपट इथे तिने अंगातून काढून टाकली आहे. सगळा विनोद तिच्या पाठीला आहे: पाठमोरी, निवांत, किंचित कंटाळलेली चाल. अभिनय म्हणून हे तिच्या १९१४च्या कामाच्या पुष्कळ पुढचं आहे आणि त्यात चॅप्लिनची उसनवारी कुठेही दिसत नाही. शेवट मात्र मला पटत नाही. सू लग्न करून, मूल मांडीवर घेऊन आपली जुनी चाचणी-फिल्म बघते आणि संसार बरा म्हणते.

मेबलने स्वतः तसं केलं नाही. गोळीबारानंतर, तब्येत ढासळलेली असताना, १९२६ साली ती हॅल रोचच्या स्टुडिओत दाखल झाली आणि आणखी पाच लघुपट केले. ‘रॅगेडी रोझ’च्या लेखनात स्टॅन लॉरेलचा हात होता. ‘द निकल-हॉपर’मध्ये तिच्याबरोबर ऑलिव्हर हार्डी आहे आणि पुढे फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस म्हणून गाजलेला बोरिस कार्लोफही. ‘शुड मेन वॉक होम?’ लिओ मॅकॅरीने दिग्दर्शित केला. संपलेल्या नटीभोवती इतकी न संपलेली माणसं कशी जमली, याचं उत्तर पूर्वपक्षाने द्यावं.